लग्न शनिवारी, बाप्तिस्मा रविवारी, हॉल तिन्ही दिवस : एपिस्कोपल चर्च नेमकं काय मागतं?

प्रश्न थोडक्यात असा : "आम्ही पुण्याचे, हिंदू. मुलीचं लग्न न्यू जर्सीत ठरलं आहे, जावई एपिस्कोपल चर्चचे. मार्चमधल्या शनिवारी त्यांच्या चर्चमध्ये लग्न, आदल्या दिवशी तिथल्याच हॉलमध्ये मेंदी-संगीत, आणि सगळे पाहुणे जमलेलेच असतील म्हणून रविवारी मुलीच्या थोरल्या जाऊबाईंच्या बाळाचा बाप्तिस्मा, असा बेत होता. चर्चकडून नियमांची लांबलचक पानं आली आहेत. तारखेला हरकत, अक्षतांना मनाई, विम्याचा कागद, लग्नाआधी पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, भेटी. आम्ही परके म्हणून हे सगळं चाललंय का? मुलीला धर्म बदलावा लागेल का? यातलं काय बदलून घेता येईल?"

ताई, आधी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं. तुम्ही परके आहात म्हणून हे नियम आलेले नाहीत. त्याच मंडळीत, म्हणजे त्या चर्चच्या सभासदांच्या समुदायात, जन्मलेल्या, तिथेच लहानाची मोठी झालेल्या मुलीलाही हीच पानं मिळतात. आणि तुमच्या मुलीला धर्म बदलावा लागणार नाही. एपिस्कोपल चर्च म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधून निघालेल्या अँग्लिकन परिवाराचं अमेरिकेतलं चर्च. त्याच्या १९७९ च्या प्रार्थनापुस्तकात लग्नविधीच्या आधीच लिहून ठेवलं आहे, की दोघांपैकी किमान एकाचा बाप्तिस्मा झालेला असावा, किमान दोन साक्षीदार असावेत, आणि लग्न त्या राज्याच्या कायद्याला व चर्चच्या नियमांना धरून असावं. जावयांचा बाप्तिस्मा झालेला असेल तर पहिली अट पूर्ण झाली.

मी न्यू जर्सीतच एका एपिस्कोपल पॅरिशच्या, म्हणजे एका स्थानिक चर्चच्या, ऑफिसात काम करते. लग्नांच्या तारखा, बाप्तिस्म्याची नोंदवही, हॉलच्या किल्ल्या, सगळं माझ्या टेबलावरून जातं. माहेर नगरचं, चर्च ऑफ नॉर्थ इंडियातलं, त्यामुळे आपल्याकडच्या आयांना कुठे धास्ती वाटते तेही कळतं. तुम्हाला आलेल्या पानांतली बहुतेक कलमं एकाच गोष्टीतून निघाली आहेत. या चर्चमध्ये लग्न आणि बाप्तिस्मा ही त्या मंडळीची उपासना असते. एखाद्या कुटुंबाने जागा घेऊन तिथे केलेलं घरचं कार्य, असं ते नसतं. लग्नविधीत पाळक जमलेल्या सगळ्यांना विचारतात, की या दोघांना त्यांच्या संसारात आधार देण्यासाठी जे जे करता येईल ते तुम्ही कराल का? आणि सगळे एका आवाजात 'करू' म्हणतात. त्या 'करू'मध्ये तुमचाही आवाज हवा, तुम्ही हिंदू असलात तरी. बाप्तिस्म्यात मंडळीला असाच प्रश्न असतो. हे ध्यानात ठेवून बोलणी केलीत तर बरंच काही मिळतं. हॉलच्या भाड्यापासून बोलणी सुरू केलीत तर तीच माणसं कलमांवर बोट ठेवायला लागतात. मी दोन्ही प्रकार जवळून पाहते, म्हणून इतक्या आग्रहाने सांगते.

आता तारीख. मार्च जवळजवळ दरवर्षी लेंटमध्ये सापडतो. लेंट म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासाचा आणि पश्चात्तापाचा काळ. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो, तेव्हा मार्चमधला शनिवार काढला की तो बहुधा या काळात येतो. आपण पितृपक्षात लग्न काढत नाही, तसंच हे धरा. बऱ्याच चर्चमध्ये त्या दिवसांत वेदीवर फुलं नसतात, गाणीही साधी असतात. लेंटमध्ये लग्न लावू नये असा लेखी नियम नाही. ती त्या त्या पॅरिशची रीत असते आणि रेक्टर, म्हणजे तिथले मुख्य पाळक, तिला अपवाद करू शकतात. आजी अत्यवस्थ आहे, व्हिसाची मुदत संपते आहे, अशी खरी अडचण असेल तर मोकळेपणाने सांगा. पण पाहुण्यांची विमानाची तिकिटं स्वस्त पडतात म्हणून मार्च, असं असेल तर मी तुमच्या जागी तारीखच बदलेन.

बदलायची झाली तर एक सुचवते. बाप्तिस्म्यासाठी प्रार्थनापुस्तकाने काही दिवस खास योग्य ठरवले आहेत : ईस्टरच्या आदल्या रात्रीची उपासना, पेंटेकॉस्ट, नोव्हेंबरातला सर्व संतांचा दिवस किंवा त्यानंतरचा रविवार, जानेवारीत येशूच्या बाप्तिस्म्याचा रविवार, आणि बिशप, म्हणजे त्या भागातल्या सगळ्या एपिस्कोपल चर्चचे प्रमुख, भेटीला येतात तो दिवस. शक्य तितके बाप्तिस्मे याच दिवशी ठेवावेत, अशी तिथे शिफारस आहे. पेंटेकॉस्ट ईस्टरपासून पन्नासावा दिवस, म्हणजे १० मे ते १३ जून यांमधला एखादा रविवार. न्यू जर्सीत तेव्हा हवा उत्तम असते. शनिवारी लग्न आणि दुसऱ्या दिवशी पेंटेकॉस्टच्या मुख्य उपासनेत बाळाचा बाप्तिस्मा, असं मागितलंत तर तुमचा मूळ बेत जसाच्या तसा राहतो, आणि रेक्टरना ते त्यांच्याच पंचांगात बसणारं वाटतं. दोन्हीकडच्या पाहुण्यांना एकाच फेरीत दोन्ही कार्यं मिळतील. एवढंच, की रविवारच्या उपासनेत तुमच्या बाळाबरोबर आणखी दोन-तीन बाळं असू शकतात. त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

कोणाशी काय बोलायचं हेही नीट ठरलेलं असतं. चर्चच्या इमारतीचा आणि आतल्या सामानाचा वापर रेक्टरच्या ताब्यात असतो, तसा चर्चचा नियमच आहे. पैसा, मालमत्ता, विमा हे व्हेस्ट्रीकडे असतं. व्हेस्ट्री म्हणजे मंडळीने निवडून दिलेली समिती. त्यातले वॉर्डन हे ज्येष्ठ. वेदीची फुलं, वस्त्रं, मेणबत्त्या ऑल्टर गिल्डच्या बायका सांभाळतात, आणि त्यांचा शब्द मोठा असतो. झाडलोट, कुलपं, हीटर सेक्स्टनकडे. म्हणजे विधीबद्दलचा प्रश्न ऑफिसला विचारून उपयोग नाही, आणि हॉलचा दर रेक्टरना विचारणं बरं दिसत नाही. रेक्टर बाई असू शकतात. १९७६ साली या चर्चच्या महासभेने स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देण्याचा ठराव केला आणि आता कितीतरी ठिकाणी बाईच मुख्य पाळक आहेत. कोणी 'मदर' म्हणवतात, कोणी 'रेव्हरंड', कोणी नुसतं नाव. काय म्हणू, असं सरळ विचारलं तर त्यांना आवडतं.

लग्नाआधीच्या भेटींबद्दल तुमच्या पत्रात नाराजी दिसली. त्या टळणार नाहीत, आणि टळू नयेत असं माझं मत आहे. चर्चच्या नियमाप्रमाणे जोडप्याने पाळकांना किमान तीस दिवस आधी कळवायचं असतं. तेवढा अवधी नसेल तर पाळक सबळ कारणाने सूट देऊ शकतात, पण तसं त्यांना बिशपना कळवावं लागतं. तीस दिवस ही चर्चच्या नियमाची किमान रेषा झाली. प्रत्यक्षात कित्येक पॅरिश सहा महिने आधी यायला सांगतात, कारण मधल्या काळात तीन-चार भेटी व्हाव्यात अशी अपेक्षा असते. त्या भेटींत धर्मांतराचा विषय काढत नाहीत. पैसे कोण सांभाळणार, भांडण झालं की तुम्ही काय करता, दोन्हीकडच्या आईवडिलांची म्हातारपणी काळजी कशी घेणार, मुलं झाली तर कोणत्या धर्मात वाढवणार, हे बोलतात. शेवटचा प्रश्न तुमच्या मुलीसाठी खरा आहे. लग्नाआधी दोघांना एका निवेदनावर सही करायची असते. त्यात आहे, की चर्चची लग्नाबद्दलची शिकवण आम्हाला समजली आहे : परस्परांचा आनंद, सुखदुःखात एकमेकांना साथ, आणि देवाची इच्छा असेल तेव्हा मुलं व त्यांना देवाच्या ओळखीत आणि प्रीतीत वाढवणं. लग्न बिनशर्त, परस्पर, एकनिष्ठ आणि आयुष्यभराचं असेल, हेही त्यात आहे. मुलीने ते घरी बसून शब्दन् शब्द वाचावं. मनात शंका असेल तर सहीच्या दिवशी गप्प राहण्यापेक्षा पहिल्याच भेटीत विचारावं. पाळक अशा प्रश्नांना कधी दुखावत नाहीत. उलट, न विचारता सही करणाऱ्यांची त्यांना काळजी वाटते. कोणतंही लग्न लावायला नकार देण्याची मुभा प्रत्येक पाळकाला नियमानेच आहे, आणि ती वापरली जाते ती बहुधा जोडपं भेटींना येतच नाही तेव्हा.

जुन्या छापील पुस्तकात 'स्त्री आणि पुरुष' असे शब्द आहेत आणि तुम्हाला आलेल्या कागदात ते नसतील, तर गोंधळू नका. २०१५ साली सॉल्ट लेक सिटीत भरलेल्या महासभेने लग्नाचा नियम बदलून समलिंगी जोडप्यांसाठीही विधी खुला केला, तेव्हा निवेदनाचा मजकूरही बदलला.

जावयांचं किंवा मुलीचं आधी लग्न होऊन घटस्फोट झाला असेल तर आजच सांगा. त्याला बिशपची संमती लागते. पाळकांना कोर्टाचा अंतिम हुकूम स्वतः पाहावा लागतो आणि आधीच्या जोडीदाराची, मुलांची जबाबदारी नीट निभावली जाते आहे ना, हे विचारावं लागतं. हुकूम भारतातल्या कोर्टाचा आणि मराठीत असेल तर भाषांतर करून घ्या. यात सहज काही आठवडे जातात.

विधीत काय बदलता येतं? शपथांचे शब्द बदलत नाहीत. स्वतः लिहिलेल्या शपथा हॉलमध्ये जेवणाच्या आधी वाचा, कोणी अडवणार नाही. वाचन बायबलमधलंच हवं, त्याला जोडून दुसरं काही वाचायचं झालं तर पाळकांना विचारून. पण दोन जागा अशा आहेत जिथे आपली पद्धत सहज बसते, आणि त्या आपल्या लोकांना माहीत नसतात. पहिली कन्यादानाची. मुलीला 'देण्याचा' भाग १९७९ च्या पुस्तकात मुख्य विधीत नाहीच. मागे, जादा सूचनांत, तो ऐच्छिक म्हणून दिला आहे, आणि तिथे एक सुंदर पर्याय आहे : या दोघांना एकमेकांशी विवाह करण्यासाठी कोण सादर करत आहे? मग एकाहून जास्त जणांनी एकत्र उत्तर द्यायचं. म्हणजे तुम्ही दोघं आणि व्याही-विहीण, चौघं उभे राहून एकदम 'मी' म्हणू शकता. हे मी लग्नांत पाहिलं आहे. व्याह्यांना मराठी येत नाही, आपल्याला त्यांच्या चालीरीती ठाऊक नाहीत, आणि तरी त्या एका क्षणी चौघांचा आवाज बरोबर येतो. त्यासाठी आदल्या दिवशीच्या तालमीला तुम्ही चौघांनी हजर राहायला हवं. तालीम ऐच्छिक नसते, आणि ती ठरल्या मिनिटाला सुरू होते.

दुसरी जागा मंगळसूत्राची. त्याच जादा सूचनांत लिहिलं आहे, की इच्छा असल्यास अंगठीऐवजी शपथेचं दुसरं योग्य चिन्ह वापरता येईल. आपल्याकडच्या काही ख्रिस्ती घरांत मंगळसूत्राला क्रूस असतो आणि ते चर्चमध्येच आशीर्वाद घेऊन घातलं जातं. तुमच्या मुलीचं मंगळसूत्र नेहमीच्या दोन वाट्यांचं असलं, तरी रेक्टरना ते दाखवून, ते काय आहे हे समजावून विचारा. अंगठ्यांबरोबर एका बशीत ठेवून त्याच प्रार्थनेने आशीर्वाद द्यायला पुष्कळ पाळक आनंदाने तयार होतात. फक्त अचानक खिशातून काढू नका. पाळकांच्या हातात ते पुस्तक उघडं असतं, आणि पुढची ओळ कोणती हे त्यांनी आधी ठरवलेलं असतं.

सप्तपदी, होम, अंतरपाट यांचा प्रश्न वेगळा. चर्चच्या मुख्य सभागृहात अग्नी पेटवता येत नाही, अग्निशमनाच्या नियमाने आणि विम्यानेही. आणि दुसऱ्या धर्माचा विधी तिथे करायला बहुतेक रेक्टर नाहीच म्हणतील. वैदिक लग्न वेगळ्या दिवशी, वेगळ्या जागी लावा. त्याला चर्चची हरकत नसते. मात्र क्रम आधी ठरवा, कारण कायद्याने लग्न एकदाच लागतं. पुण्यात आधी लग्न करून ते रजिस्टर केलंत, तर दोघं नवरा-बायको झालेच. मग चर्चमध्ये लग्न लागत नाही, झालेल्या लग्नाला आशीर्वाद देण्याचा वेगळा, थोडा छोटा विधी त्याच पुस्तकात आहे, तो होतो. तोही छान आहे. पण जावयांच्या आईला 'लग्न'च हवं असेल आणि आशीर्वादाचा विधी ठरला आहे हे तिला आदल्या आठवड्यात कळलं, तर मनं दुखावतात.

लायसन्सचं विसरू नका. ते चर्च देत नाही. न्यू जर्सीत दोघांपैकी एक जण राहत असेल त्या गावच्या रजिस्ट्रारकडे अर्ज करायचा, बरोबर अठरा वर्षांवरचा एक साक्षीदार न्यायचा. अर्ज केल्यावर ७२ तास थांबावं लागतं. शुक्रवारी विमानातून उतरून शनिवारी लग्न, हे इथे जमत नाही. न्यू यॉर्कात २४ तास थांबावं लागतं आणि लायसन्स ६० दिवस चालतं. एका राज्याचं लायसन्स दुसऱ्या राज्यात चालत नाही, म्हणून चर्च हडसनच्या कोणत्या काठावर आहे ते बघून अर्ज करा. लायसन्स हातात आल्याशिवाय पाळक विधी सुरू करणार नाहीत, आणि करूही नये.

अक्षता. तांदूळ दगडी पायऱ्यांवर पडले की पाय घसरतो, आणि साठ-सत्तर वर्षांच्या पाहुण्यांनी भरलेल्या लग्नात ते परवडत नाही. बंदीचं एवढंच साधं कारण आहे. दारात, उघड्यावर, ताज्या पाकळ्या चालतील का असं विचारा. काही ठिकाणी हिरवळीवर तांदूळही चालतात. मंगलाष्टकं म्हणायची असतील तर ती जेवणाआधी हॉलमध्ये म्हणा, तिथे मूठभर तांदूळ वाटून नंतर स्वतः झाडून घेण्याची तयारी दाखवा. झाडू तुमच्या माणसांच्या हातात असेल तर उत्तर बहुधा 'हो' येतं.

फोटोग्राफरने फ्लॅश वापरायचा नाही आणि वेदीच्या कठड्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, हे त्याला लेखी द्या. आपल्याकडच्या हौशी काकांनाही सांगा. संगीत प्रत्यक्ष वाजवलेलं हवं, रेकॉर्ड केलेलं सहसा चालत नाही. ऑर्गनवर पहिला हक्क त्या चर्चच्या ऑर्गनवादकाचा. बाहेरचा वादक आणलात तरी त्यांना ठराविक रक्कम देण्याची पद्धत आहे. सनई हवी असेल तर त्यांच्याशीच बोला, त्यांना अशा गोष्टींत रस असतो. आपल्या पाहुण्यांना कपड्यांचं बंधन नाही, बूट काढायचे नसतात. विधीत प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीने भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा भाग, असेल तर बाप्तिस्मा न झालेल्यांनी ते घेऊ नये असा चर्चचा नियम आहे. छातीवर हात दुमडून पुढे गेलं की पाळक आशीर्वाद देतात, किंवा जागीच बसून राहिलं तरी चालतं. निम्मी मंडळी दुसऱ्या धर्माची असेल तर प्रभुभोजनाशिवायचा विधी निवडणं मला जास्त मायेचं वाटतं, म्हणजे लग्नाच्या मधोमध पाहुण्यांचे दोन भाग पडत नाहीत. पण तो निर्णय जोडप्याचा आणि पाळकांचा.

आता जाऊबाईंचं बाळ. त्यांना रविवारीच, पण मंडळीच्या उपासनेबाहेर, फक्त आपल्या पाहुण्यांत बाप्तिस्मा हवा होता आणि चर्चने नाही म्हटलं, असं तुम्ही लिहिलंय. ते बरोबरच आहे. प्रार्थनापुस्तक सांगतं, की बाप्तिस्मा रविवारच्या किंवा सणाच्या मुख्य उपासनेत, प्रभुभोजनाच्या विधीतच व्हावा. कारण बाप्तिस्म्याने बाळ चर्चचं पूर्ण सभासद होतं, आणि ज्या मंडळीत ते येतं ती मंडळीच तिथे नसेल तर त्याला कोण सामावून घेणार? अपवाद जिवावरच्या प्रसंगाचा. तेव्हा बाप्तिस्मा झालेली कोणीही व्यक्ती, दवाखान्यातली नर्ससुद्धा, पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकते. नंतर पाळकांना कळवायचं आणि नोंद करायची.

बाळासाठी उभे राहणारे धर्मपालक बाप्तिस्मा झालेलेच हवेत. किमान एक. आईवडील स्वतःही धर्मपालक असू शकतात, किंबहुना ते असावेत असंच पुस्तक म्हणतं. तुमची मुलगी काकू म्हणून फार जवळची असेल, तरी ती हे पद घेऊ शकत नाही. धर्मपालक स्वतःच्या नावाने वचन देतात, की या मुलाला ख्रिस्ती विश्वासात वाढवण्याची जबाबदारी आम्ही घेतो, आणि जे वचन आपलं नाही ते तिने देणं तिच्यावरही अन्याय आहे. पण ती बाळाला कुशीत घेऊन बाप्तिस्म्याच्या पाण्याच्या कुंडापर्यंत जाऊ शकते का, मेणबत्ती धरू शकते का, हे विचारा. मी ज्या पाळकांबरोबर काम केलं त्यांनी याला कधी नकार दिलेला नाही.

विधी पाहाल तेव्हा एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. पाण्यानंतर पाळक बिशपनी पवित्र केलेल्या तेलात अंगठा बुडवून बाळाच्या कपाळावर क्रूस काढतात आणि म्हणतात, की पवित्र आत्म्याने तुझ्यावर शिक्का मारला आहे, तू कायमचा ख्रिस्ताचा म्हणून चिन्हांकित झाला आहेस. हाच अर्थ प्रार्थनापुस्तकात विधीआधीच्या सूचनेतही आहे. हे नातं तुटत नाही, म्हणून बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच. आपल्याकडे नगर, नाशिक, कोल्हापूरच्या मंडळ्यांत बाप्तिस्मा झालेल्यांना इथे तो पुन्हा घ्यावा लागत नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० साली नागपुरात स्थापन झालं, ते अँग्लिकन परिवारात आहे आणि एपिस्कोपल चर्चशी त्याचं पूर्ण सख्य आहे. दाखला हरवला असेल तर गावच्या पाळकसाहेबांकडून नोंदवहीची नक्कल मागवा. काहीच सापडत नसेल आणि खरोखर शंका असेल तर 'तुझा बाप्तिस्मा आधी झाला नसेल तर' असं म्हणून देण्याचा सशर्त विधी आहे. बाप्तिस्म्यालाही तयारीची एक-दोन सत्रं असतात, आईवडील आणि धर्मपालक दोघांनी यायचं. धर्मपालक भारतात असतील तर व्हिडिओ कॉलवर. आणि बारशाशी याची सरमिसळ करू नका. नाव ठेवण्याचा आनंद घरी वेगळा करा, पाळणा हलवा, ते सगळं हवंच.

हॉल. इथे तुम्हाला सर्वांत जास्त कागद लागतील. विम्याचा कागद म्हणजे समारंभापुरती घेतलेली दायित्वाची पॉलिसी, तिच्यात पॅरिशचं नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून घातलेलं. दहा लाख डॉलरचं कव्हर बहुतेक ठिकाणी मागतात. आकडा ऐकून घाबरू नका, एका दिवसाची पॉलिसी ऑनलाइन मिळते. केटररचा कागद वेगळा, तो त्याने द्यायचा. पॅरिशच्या पत्त्यावर पॅरिशचं कायदेशीर नाव जसं आहे तसंच छापलेलं हवं, एका अक्षराची चूक झाली तर कागद परत येतो. माझ्या टेबलावरून सगळ्यात जास्त परत जाणारा कागद हाच.

स्वयंपाकघर बघून घ्या. पुष्कळ पॅरिशची स्वयंपाकघरं फक्त अन्न गरम करण्यापुरती असतात, चुलीवर धूर ओढणारी मोठी चिमणी नसते. तिथे मोहरी-मिरचीची फोडणी टाकली की धुराचा अलार्म वाजतो, तो थेट फायर ब्रिगेडला जोडलेला असतो, आणि सगळी इमारत रिकामी करावी लागते. फोडण्या केटररच्या किचनमध्येच होऊ द्या. हळदीचा कार्यक्रम गालिच्यावर नको, लाकडी जमिनीवरही नको. मागच्या फरशीच्या अंगणाची परवानगी मागा. मेंदीसाठी खुर्च्यांवर जुन्या चादरी टाका. समया, उदबत्त्या यांऐवजी बॅटरीचे दिवे. भिंतीला खिळे, पाठीमागे चिकटणाऱ्या टेपा नकोत.

दारूबद्दल २०१५ च्या महासभेने ठरवलेलं धोरण आहे. दारू ठेवलीत तर दारू नसलेली पेयंही तितक्याच ठळकपणे, तितक्याच सहज हाताला लागतील अशी ठेवायची. त्याशिवाय प्रत्येक पॅरिशची वेगळी बंधनं असतात, परवाना कोणाचा आणि ओतणार कोण, हे लेखी ठरवा.

शुक्रवारच्या संगीताला वेळेची मर्यादा का, तर त्याच इमारतीच्या तळघरात बहुधा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या गटाची, बैठक असते. अमेरिकेतल्या कितीतरी चर्चमध्ये ती वर्षानुवर्षं भरते. तिथे येणाऱ्यांची ओळख गुप्त राहणं हा त्यांचा पायाच आहे. तुमच्या फोटोग्राफरने बाजूच्या दारात उभं राहून पाहुण्यांची आगमनं टिपली आणि त्यात ती माणसं आली, तर त्यांचं खरं नुकसान होतं. ढोल पार्किंगमध्ये वाजवायचा असेल तर बैठक संपल्यानंतर. वरात रस्त्यावरून काढायची तर परवानगी नगरपालिकेची लागते, चर्च ती देऊ शकत नाही.

आणि शनिवारी रात्रीचं जेवण कितीही रंगलं तरी हॉल रिकामा करायची वेळ पाळा. रविवारी सकाळी आठची उपासना असते, पाठोपाठ मुलांचा वर्ग आणि कॉफी त्याच हॉलमध्ये. तुमच्या बाबतीत तर बाप्तिस्म्याचे पाहुणेही तिथेच येणार आहेत. आवरायला चार माणसं आधीच नेमा, त्यांना जेवण लवकर वाढा.

पैशाचं सांगते, म्हणजे संकोच नको. बाप्तिस्म्याला फी नसते. लग्नाच्या यादीतल्या रकमा ऑर्गनवादक, सेक्स्टन, लग्नाची व्यवस्था बघणारी बाई आणि हॉल यांच्या असतात. सभासदांना त्यातल्या काही माफ असतात, आणि जावई सभासद असतील तर तुम्ही त्या दरात बसता. खरोखर परवडत नसेल तर रेक्टरना खाजगीत सांगा, पैशावाचून लग्न अडलेलं मी पाहिलं नाही. पाळकांना स्वतःला काही द्यावंसं वाटलं तर पाकिटात नोटा घालून हातात देऊ नका. त्यांच्या डिस्क्रिशनरी फंडाच्या नावाने चेक लिहा. त्या फंडातून ते कुणाचं घरभाडं, कुणाची औषधं भागवतात. ऑल्टर गिल्डच्या बायकांना मात्र पैसे देऊ नका, त्या घेणार नाहीत. लग्नाची वेदीवरची फुलं रविवारच्या उपासनेसाठी तिथेच राहू द्या, आणि तसं आधीच कळवा. त्यांचं एका दिवसाचं काम वाचतं, आणि रविवारी बाळाचा बाप्तिस्मा तुमच्याच फुलांपुढे होईल.